स्विच दाबला की बल्ब विझतो आणि सेल तापतो, असं का?

नमस्कार मंडळी. खानापूर, चिकोडी, निपाणी, सगळीकडून दहावीची मुलं एकच विचारायला लागलीत: ‘सर, स्विच चालू केला की बल्ब लागायचा सोडून विझतोय आणि सेल तापतोय.’ आज तेवढंच बघूया.

सामान साधं आहे. १.५ व्होल्टचे दोन पेन्सिल सेल, टॉर्चचे २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचे दोन बल्ब होल्डरसकट, दोन स्विच, वायर. सेल एकापुढे एक लावले की ३ व्होल्ट. सिरीज, म्हणजे एकसर जोडणीत दोन्ही बल्ब एकाच वाटेवर, वाट्याला १.५ व्होल्ट, उजेड मंद. पॅरलल, म्हणजे समांतर जोडणीत वाटेला दोन फाटे, प्रत्येक बल्बला पूर्ण ३ व्होल्ट. हे तुम्हाला येतं, पुढे जाऊ.

सिरीजमध्ये स्विच कुठेही घाला, दोन्ही बल्ब एकदमच विझतात. ‘स्विच मायनसच्या बाजूला असला तर करंट पहिल्या बल्बपर्यंत तरी येईल ना?’ असं बरेच जण विचारतात. नाही येत. वाट कुठंही तुटली की सगळ्या वाटेवरचा करंट थांबतो. गणपतीच्या मखरावरच्या जुन्या माळेतला एक बल्ब गेला की अख्खी माळ जाते, ती याचमुळे.

पॅरललमध्ये मात्र जागा बघायची. फाटा फुटायच्या आधी स्विच असेल तर तो सगळ्यांचा मालक. फाट्यात असेल तर त्या एका बल्बापुरता.

आता चूक कुठे होते ते बघा. (कॅमेरा जवळ घेऊया.) सेलला एकच बल्ब जोडलाय. हा त्याचा होल्डर, आणि होल्डरचे हे दोन स्क्रू. मुलं स्विचची एक वायर या स्क्रूला लावतात आणि दुसरी त्या स्क्रूला. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण इथं स्विच बल्बच्या वाटेत राहिलाच नाही, त्यानं शेजारून दुसरी वाट काढली.

पटत नसेल तर बोट फिरवा. स्विच चालू आहे असं धरा, सेलच्या प्लसवर बोट ठेवा आणि वायरीवरून सरकवत न्या. एकही बल्ब न ओलांडता बोट मायनसला पोचलं, तर तो शॉर्ट. जोडणी केली की सेल लावायच्या आधी हे दर वेळी करा.

आकड्यानं बघायचं? २.५ भागिले ०.३, म्हणजे पेटलेल्या बल्बचा रोध, करंटला होणारा अडथळा, ८ ओहमच्या आसपास. स्विच आणि वायर मिळून ०.१ ओहमच्या घरात. करंट जवळजवळ सगळा स्विचमधून जातो, बल्ब विझतो आणि सेलवर काही अँपिअरचा भार येतो. मग तो तापणारच की! लगेच सेल काढा.

आणि घरी उसाला दारं धरत असाल, तर तुम्हाला हे आधीच माहीत आहे. पाटात दार असलं तर पाणी तुमच्या हातात. पाटाचा बांधच फोडलात तर पाणी सरीपर्यंत येईल कशाला? फक्त एक ध्यानात ठेवा, दार उघडलं की पाणी वाहतं, पण परिपथ, म्हणजे करंटची अख्खी वाट, बंद झाला की करंट वाहतो. पुस्तकातला ‘बंद परिपथ’ म्हणजे पेटलेला बल्ब आणि घरातला ‘स्विच बंद’ म्हणजे विझलेला. या एका ‘बंद’ शब्दापायी हुशार मुलांची उत्तरं उलटी होतात. म्हणून वहीत ‘वाट जोडली’ आणि ‘वाट तुटली’ असंच लिहा.

पण ‘बल्बला समांतर स्विच म्हणजे शॉर्टच’ असं पाठ करू नका. दोन बल्ब सिरीजमध्ये आहेत आणि त्यातल्या एकाच्याच दोन स्क्रूंना स्विच जोडलाय. चालू करा. तो बल्ब विझला आणि दुसरा भक्कन उजळला, कारण आता ३ व्होल्ट एकट्याला मिळाले. वाटेत एक बल्ब शिल्लक आहे, म्हणून सेल सुखरूप.

हे सगळं सेलवरच करायचं. भिंतीतल्या २३० व्होल्टवर अजिबात नाही.

घरच्या वायरिंगबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. सेलच्या खेळात स्विच कुठल्याही बाजूला चालला, घरात नाही चालत. तिथं तो फेजमध्येच, म्हणजे करंट आणणाऱ्या जिवंत वायरीतच हवा. न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या वायरीत असेल तर स्विच बंद करूनही होल्डरपर्यंत फेज आलेला असतो, आणि बल्ब बदलताना बोट लागलं की झटका. रात्री स्विच बंद असताना एलईडी बल्ब बारीक मिणमिणत असेल, तर हेही एक कारण असू शकतं. स्वतः बोर्ड उघडू नका. वायरमनला बोलवा आणि स्विच बंद ठेवून टेस्टरनं होल्डर तपासायला सांगा. टेस्टर पेटला, तर मेन बंद करून त्या स्विचची जोडणी बदलून घ्या, आणि तोवर त्या होल्डरमधला बल्ब मेन बंद केल्याशिवाय काढू नका.