वजन उभ्या गाडीचं

[दृश्य: रायबंदरचा फेरी धक्का, ओहोटीची वेळ. फेरीबोटीची लोखंडी फळी खाली येते.]

दिवाडीला जाणारी फेरीबोट लागली की स्कूटरी, मोटरसायकली एकामागून एक आत शिरतात. भरती असली तर काही वाटत नाही. ओहोटीला मात्र धक्क्याचा एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो. त्यावर शेवाळ, आणि पुढे ओलं लोखंड. ब्रेक दाबावा तर चाक सरकतं, न दाबावा तर पुढच्या स्कूटरवर.

या पायलटाकडे, म्हणजे गोव्यातल्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याकडे बघा. पिवळ्या मडगार्डची छोटी गाडी, मागे गिऱ्हाईक, आणि हा दोन्ही पाय मोकळे सोडून आरामात उतरतो. त्याच्या मागे टुरिंगची, म्हणजे लांबच्या प्रवासाची मोठी गाडी, दोन्ही बाजूंना पेट्या. चालवणारा चांगला धडधाकट आहे. तोही नीट उतरतो, पण फळी ओलांडेपर्यंत श्वास रोखून.

टुरिंगला हलकी गाडी घ्यावी की भारी, हा वाद गोव्यात बारा महिने चालतो. वागातोरला बाइकवाल्यांचा मेळावा भरला की त्याला ऊत येतो. बोलणं असतं ते सीसीचं, टॉर्कचं आणि टॉप स्पीडचं. आमच्या मते गाडी जोखायची ती उभी असताना.

[दृश्य: आवारात ओळीने लावलेल्या चार गाड्या.]

हिरोची एक्सपल्स 200 साधारण 160 किलोंची. हिमालयन 450 आहे 196 किलो. बीएमडब्ल्यूची आर 1300 जीएस 237, आणि रॉयल एन्फिल्डची सुपर मीटिऑर 650 तब्बल 241. शेवटच्या दोघींत चार किलोंचा फरक, म्हणजे काहीच नाही. पण सुपर मीटिऑरची सीट जमिनीपासून 740 मिलिमीटरवर, तर जीएसची 850च्या आसपास. साडेपाच फुटांच्या माणसाचे पाय एकीवर सपाट टेकतात, दुसरीवर जेमतेम चवडे. म्हणून नुसता किलोंचा आकडा फसवा. एक्सपल्स हलकी खरी, पण तिचीही सीट 825वर आहे, हे शोरूममध्ये बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

गाडी सरळ उभी असेपर्यंत पायावर भार जवळजवळ नसतो. कलली की वाढू लागतो, आणि एका टप्प्यानंतर पाय कितीही दणकट असला तरी आवरत नाही. त्यात वजन कुठे आहे तेही बघा. हिमालयनच्या टाकीत 17 लिटर पेट्रोल मावतं, म्हणजे साडेबारा किलो, तेही गुडघ्यांच्या वर. त्यावर टँक बॅग. मागे ॲल्युमिनियमच्या पेट्या, ज्या रिकाम्या असतानाच फ्रेमसकट दहा-पंधरा किलो भरतात. लोक हलकी गाडी घेतात आणि तिला भारी करून ठेवतात, हा आणखी एक प्रकार.

होंडाच्या गोल्डविंगला रिव्हर्सची सोय आहे. साडेतीनशे किलोंच्या वरची गाडी मागे ढकलणं माणसाचं काम नाही, हे कंपनीनेच मान्य केलंय.

[दृश्य: साखळी गावाजवळचं अंगण. पावसाने भिजलेली लाल माती. एक बाई गाडी मुद्दाम आडवी करतात.]

या बाई शाळेत शिकवतात. सुट्टीत एकट्या फिरतात. शेजारचे काका मदतीला पुढे होतात. ‘राहू दे काका, घाटात तुम्ही कुठे असणार?’

आधी इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली आहे, म्हणून डावीकडचा साइड स्टँड आत्ताच बाहेर काढून ठेवला. नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडायची. मग गियरमध्ये टाकली, म्हणजे चाक फिरणार नाही. आता गाडीकडे पाठ. सीटच्या कडेला कंबर टेकवून बसल्या, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची पकड. पाठ ताठ, आणि जोर सगळा मांड्यांचा. एक छोटं पाऊल मागे, दुसरं पाऊल मागे. टाच मातीत घसरते, थांबतात, पुन्हा रोवतात. गाडी उभी राहिली. स्टँडखाली चिऱ्याची एक कपची सरकवली, कारण श्रावणातली ही माती स्टँड गिळते.

हीच गाडी पेट्या भरून उचलता आली तर ती तुमची. नाही आली तर पेट्या सोडवून उचला, आणि चोर्ला घाटात धुक्यात, मागून बेळगावची बस येत असताना, हे करायला वेळ मिळेल का ते ठरवा.

[दृश्य: बेळगावहून कोल्हापूरकडे जाणारा महामार्ग, मोकळं माळरान.]

भारी गाडीवर अन्याय नको. घाट चढून पठारावर आलं की चित्र पालटतं. आडवा वारा सुटतो, ट्रकला ओलांडताना हवेचा धक्का बसतो, आणि हलकी गाडी हातभर बाजूला सरकते. मागे बायको किंवा नवरा, सामान, आणि दिवसभराचा रस्ता असेल तर 200 सीसीचं इंजिन शंभरच्या पुढे नुसतं ओरडतं. सहाशेपन्नासची गाडी त्याच वेगाला गुणगुणत असते. संध्याकाळी खांदे दुखतात की नाही, हा फरक तिथला आहे. जोडीने मुंबई-पुणे करणाऱ्याने खुशाल भारी घ्यावी.

पण गोव्यात राहणाऱ्याची गाडी वर्षातले बहुतेक दिवस महामार्गावर नसते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती दोन टेंपोंच्या मधून काढायची असते, चवथीला चिखलाच्या वाटेने घराच्या अंगणात न्यायची असते. आणि पणजीच्या अटल सेतूवर दुचाकीला मज्जावच आहे, मग ती 110 सीसीची असो की वीस लाखांची. सगळ्यांनी खालच्या जुन्या पुलावरून.

साखळीच्या बाईंनी शेवटी हलकीच घेतली. पेट्या नाहीत, दोन कापडी पिशव्या, टाकीवर काही नाही. पुण्याला जायचं झालं तर त्या एका दिवसात जात नाहीत. कोल्हापूरला मावशीकडे राहतात.