टोळी निघण्याआधी

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: बीड जिल्हा. आरोग्य उपकेंद्राची ओसरी. दारात चपलांचा ढीग, भिंतीला टेकून बसलेल्या बायका.]

पितृपंधरवडा चालू आहे. दसरा अडीच आठवड्यांवर. बीड जिल्ह्यातल्या या गावात उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटून झाली. टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, लागले. दसरा ते दिवाळीच्या दरम्यान ट्रक आणि ट्रॅक्टर भरतील आणि जोडप्यांमागून जोडपी सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतील. ओसरीवर बसलेल्या या सगळ्याजणी गरोदर आहेत. कुणाला तिसरा महिना, कुणाला पाचवा. यांचे पुढचे महिने उसाच्या फडात जाणार. काहींचं बाळंतपण कोपीपासून, म्हणजे फडाजवळच्या झोपडीपासून, जे जवळ असेल त्या दवाखान्यात होईल, काहींचं कोपीतच.

वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी. या तपासण्या आता बायकांना पाठ आहेत. सिस्टरनी हाक मारायच्या आत त्या हात पुढे करतात. पण माता-बाल संरक्षण कार्डावर आणखी एक रकाना असतो. तो भरताना कुणी काही विचारत नाही आणि कुणी काही सांगत नाही. तो सिफिलिसचा. जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात, तोच शरीरसंबंधातून लागणारा आजार.

[दृश्य: बोटाचं टोक, सुई, रक्ताचा थेंब. जवळून.]

बोटातून एक थेंब. तो किटच्या खाचेत पडतो, वरून द्रावणाचे दोन-चार थेंब. याच पट्टीवर एचआयव्हीचीही तपासणी होते, म्हणून थेंब एकदाच घ्यावा लागतो. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. वरची रेघ उमटली म्हणजे किट चांगलं आहे. तेवढीच उमटली तर काळजी नाही. सिफिलिसच्या खुणेपाशी दुसरी रेघ आली तर तिचं रक्त पुढे तालुक्याला जातं.

हा थेंब प्रत्येक गरोदर बाईचा घेतला जातो, फडावर जाणारीचा आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणारीचासुद्धा. बाईला स्वतःला बहुतेकदा काहीच जाणवलेलं नसतं. सुरुवातीची जखम दुखत नाही, आपली आपण भरून येते. त्यामुळे कुणाकडे बघून आजार ओळखता येत नाही आणि कुणाकडे बघून तो नाही असंही म्हणता येत नाही.

[दृश्य: ग्रामीण रुग्णालयाची प्रयोगशाळा. पांढरं कार्ड, त्यावर गोल.]

तालुक्याच्या प्रयोगशाळेत आता जे दिसतंय ती आरपीआर तपासणी. कार्डावरच्या एका गोलात रक्तातलं सीरम, त्यावर अँटिजेनचा एक थेंब. त्या थेंबात कोळशाचे बारीक कण मिसळलेले असतात. कार्ड फिरत्या यंत्रावर ठेवलं जातं. मिनिटाला शंभर फेरे, आठ मिनिटं.

(इथे निवेदन थांबेल. यंत्राचा आवाज राहू द्यावा.)

डावीकडचा गोल बघा. पाण्यात शाई कालवावी तसा एकसारखा करडा. उजवीकडच्या गोलात कण एकमेकांना चिकटून काळे ठिपके झालेत. तंत्रज्ञ आता तेच सीरम पातळ करत जाणार: निम्मं, पाव, आठवा भाग, सोळावा भाग. किती पातळ केल्यावर ठिपके दिसेनासे होतात, त्यावरून आजाराचा जोर कळतो. उपकेंद्रातल्या पट्टीवरची रेघ उपचार झाल्यावरही बहुधा जन्मभर उमटत राहते. आरपीआरचा आकडा मात्र औषध लागू पडलं की खाली येतो. उलट आरपीआर कधी कधी दुसऱ्याच कारणाने, अगदी गरोदरपणामुळेही, खोटी पॉझिटिव्ह येते. म्हणून दोन्ही हव्यात.

[दृश्य: डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शकातलं चित्रण. काळ्या पार्श्वभूमीवर वळवळणारे चमकते मळसूत्री जंतू.]

हाच तो जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम. लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, जाडी इतकी कमी की साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसत नाही. प्रकाश तिरपा सोडून, काळ्या पडद्यावर त्याला असं पकडावं लागतं. 1905 साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी तो पहिल्यांदा ओळखला. पुढच्याच वर्षी वासरमन यांची रक्ततपासणी आली. पण हातात खात्रीचं औषध यायला 1943 उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत जॉन महोनी यांनी सिफिलिसच्या रुग्णांना पेनिसिलिन दिलं आणि जखमांमधले जंतू नाहीसे झाले. तेव्हापासून आजवर हा जंतू पेनिसिलिनला दबत आलाय. जंतू औषधांना दाद देईनासे झाल्याच्या बातम्या रोज येतात, त्या काळात हे फार मोलाचं आहे.

आईच्या रक्तातला हा जंतू वार, म्हणजे प्लॅसेंटा, ओलांडून बाळापर्यंत पोचतो. उपचार झाले नाहीत तर निम्म्याहून अधिक गरोदरपणांत काहीतरी बिघडतं: बाळ पोटातच जातं, अपुऱ्या दिवसांचं होतं, कमी वजनाचं होतं, किंवा आजार घेऊन जन्मतं.

[दृश्य: नवजात शिशू विभाग. काचेआडून. निवेदन नाही.]

[दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्र. औषधाची बाटली, सिरिंज.]

बेंझाथिन पेनिसिलिन, 24 लाख युनिट. पावडरीत निर्जंतुक पाणी घालून बाटली नीट हलवावी लागते. द्रावण दाट पांढरं होतं आणि बारीक सुईत अडकतं, म्हणून सुई जाड. निम्मं एका कुल्ल्यात, निम्मं दुसऱ्यात, सावकाश. दुखतं, हे सिस्टर आधीच सांगतात. बाजूला डॉक्टर उभे आहेत आणि ट्रेमध्ये अॅड्रेनलिन तयार आहे. पेनिसिलिनची गंभीर रिअॅक्शन अत्यंत विरळा, पण तिच्या धास्तीने कित्येक ठिकाणी हे इंजेक्शनच टाळलं जातं आणि बाईला जिल्ह्याची चिठ्ठी मिळते. जिल्ह्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, सासूला कारण. ती जात नाही. ट्रे तयार ठेवा आणि इंजेक्शन इथेच द्या, एवढंच आमचं म्हणणं आहे. कारण गरोदर बाईला याला पर्याय नाही. दुसरी औषधं बाळापर्यंत खात्रीने पोचत नाहीत.

आजार नुकताच लागलेला असेल तर एक इंजेक्शन पुरतं. पण कधीपासूनचा आहे हे बहुतेकींना सांगता येत नाही, आणि मग आठवड्याच्या अंतराने तीन घ्यावी लागतात. मध्ये जास्त दिवस गेले तर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय हे सगळं बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी उरकायला हवं. नाहीतर बाळालाही दहा दिवस पेनिसिलिनची इंजेक्शनं द्यायची वेळ येते.

[दृश्य: आशाताई, हातात वही, वस्तीच्या रस्त्याने.]

आशाताईंच्या वहीत म्हणूनच बायकांच्या नावापुढे दोन तारखा आहेत. एक बाळंतपणाची, एक टोळी निघायची. आज पहिलं इंजेक्शन दिलं तर दुसरं पुढच्या आठवड्यात, तिसरं दसऱ्याच्या अलीकडे. तपासणी आणखी आठवडाभर लांबली असती तर तिसरं फडावर गाठावं लागलं असतं. तिथलं उपकेंद्र हिला ओळखत नाही, हिचं कार्ड ट्रंकेत असतं, आणि कोयत्याला खाडा पडला की पैसे कापले जातात.

नवऱ्यालाही तपासावं लागतं, उपचार द्यावे लागतात, नाहीतर ती बरी होऊन पुन्हा आजारी पडते. पुरुष उपकेंद्राची पायरी चढत नाहीत, हे आशाताईंना ठाऊक आहे. म्हणून आशाताईच संध्याकाळी, पारावर गर्दी नसताना, त्यांच्याकडे जातात.

[दृश्य: नकाशा.]

हे साधतं, हे इतर देशांनी दाखवलंय. 2015 मध्ये क्यूबाने आईकडून बाळाला होणारा सिफिलिस आणि एचआयव्ही रोखल्याची जागतिक आरोग्य संघटनेने नोंद केली. असं करणारा तो पहिला देश. 2016 मध्ये थायलंड, 2019 मध्ये आपल्या शेजारची श्रीलंका. त्याची कसोटीही ठरलेली आहे: शंभरातल्या निदान 95 गरोदर बायकांची तपासणी, आजार सापडलेल्यांपैकी निदान 95 टक्क्यांना उपचार. आणि जिथे ढिलाई झाली तिथे आजार परत आला. अमेरिकेत 2022 साली 3,700 हून अधिक बाळांना जन्मतः सिफिलिस असल्याची नोंद झाली, दहा वर्षांपूर्वीच्या दहापटीहून जास्त.

[दृश्य: ट्रक. भांडी, गाद्या, शेळ्या, लेकरं.]

ऊसतोडीच्या तालुक्यांत ही तपासणी गणपतीच्या आतच व्हायला हवी. पेनिसिलिनच्या बाटल्या तेव्हाच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात हव्यात. आणि जिचे डोस अपुरे राहिले, तिच्या कारखान्याचं नाव मुकादमाकडून विचारून, आजार कुणाला कळणार नाही अशा बेताने, तिथल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन जायला हवा. या उपकेंद्रातल्या सिस्टर तो फोन स्वतःच्या मोबाइलवरून करतात.