ओपिनेल : संग्रहातला आणि भेटीतला चाकू

मित्रहो, घडीच्या चाकूंचा संग्रह म्हटला की हस्तिदंती मुठी आणि नक्षीदार पाती डोळ्यांपुढे येतात. आजचा विषय असलेला ओपिनेल चाकू मात्र शेतकऱ्यांच्या आणि गुराख्यांच्या खिशासाठी घडला. फ्रान्सच्या आल्प्समधल्या साव्हॉय प्रांतात, जेव्हूदाझ नावाच्या वाडीत, कुऱ्हाडी आणि कोयते घडवणाऱ्या घराण्यातल्या अठरा वर्षांच्या जोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये तो तयार केला. पाते, लाकडी मूठ, पात्याच्या बुडाशी बसणारी पोलादी पट्टी आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा एक खिळा, एवढेच त्याचे भाग होते. १८९७ मध्ये त्याची एक ते बारा अशी क्रमांकवार मापे ठरली, आणि तीच पद्धत आजही चालू आहे.

मूळ घडण फारशी बदलली नाही, म्हणूनच जे थोडे बदल झाले ते संग्राहकाला फार उपयोगी पडतात. उघडलेले पाते बोटांवर मिटू नये यासाठी जोझेफचे चिरंजीव मार्सेल ओपिनेल यांनी १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरणारे कडे बसवले. तेव्हा आठ क्रमांकाच्या चाकूला कडे मुळातच नसेल, तर तो त्याआधीचा समजावा. २००० मध्ये या कड्यात सुधारणा होऊन पाते मिटलेल्या स्थितीतही अडकवता येऊ लागले. मात्र दोन ते पाच क्रमांकांच्या लहान चाकूंना आजही कडे नसते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही खूण लावणारा नवशिक्या हमखास फसतो. पात्यावरचा मुकुटधारी हात हे चिन्ह १९०९ मधले आहे : हात सें-जाँ-द-मोरिएन या गावाच्या मानचिन्हातला आणि मुकुट साव्हॉयच्या ड्यूकांच्या जुन्या राज्याचा. एक आणि अकरा या क्रमांकांचे उत्पादन १९३०च्या दशकात थांबले, म्हणून संग्राहक त्यांच्या मागे असतात.

माझा स्वतःचा ओढा मात्र दुर्मीळ क्रमांकांपेक्षा वापरलेल्या चाकूंकडे आहे. कार्बन पोलादाच्या पात्याला सफरचंदाचा, लिंबाचा रस लागत राहिला की त्यावर निळसर करडी छटा चढते, आणि वर्षानुवर्षे सहाणेवर घासून पात्याची रुंदी कमी होत जाते. ती छटा पॉलिशने घालवून चाकू नव्यासारखा चकचकीत करणारे संग्राहक पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या चाकूने कोणाच्या तरी हातात काढलेल्या आयुष्याचा तेवढाच पुरावा त्यावर उरलेला असतो.

भेट देतानाही मी हाच विचार करतो : घेणाऱ्याने तो रोज वापरावा. साडेआठ सेंटिमीटर पात्याचा आठ क्रमांक बहुतेकांच्या मुठीत नीट बसतो आणि फळे, पाव, चीज, सुतळी या सर्वांना पुरतो. लहान मुलांसाठी गोल टोकाचा सात क्रमांक मिळतो. ऑलिव्ह किंवा अक्रोडाच्या मुठी दिसायला देखण्या असतात, पण माझी पसंती बीच या झाडाच्या साध्या लाकडालाच आहे. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्याला द्यायचा असेल, तर स्टेनलेस पाते निवडावे, कारण तिथल्या पावसाळ्यात कार्बन पोलादावर पाहता पाहता गंज चढतो. बीचचे लाकूड ओलाव्याने फुगते आणि पाते मुठीत घट्ट अडकते, ही अडचण दोन्ही प्रकारांत येते. तेव्हा नखाने ओढाताण न करता कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर ठोकावे, म्हणजे पाते धरण्याइतके वर येते. साव्हॉयमधले लोक असेच करतात. धुतल्यावर चाकू पाण्यात पडू न देता लगेच पुसावा आणि उघडाच वाळू द्यावा, हे भेट देतानाच सांगून ठेवावे.

चाकूने मैत्री तुटते असा फ्रान्समध्ये जुना समज आहे, म्हणून घेणारा देणाऱ्याच्या हातावर एक नाणे ठेवतो आणि चाकू विकत घेतल्यासारखा होतो. ही रीत मला फार आवडते, आणि मी नाणे घेतल्याशिवाय चाकू देत नाही. भेट परगावी विमानाने न्यायची असेल, तर ती हातातल्या पिशवीत न ठेवता चेक-इन करायच्या सामानात, कडे फिरवून पाते पक्के मिटवून ठेवावी.