अंधारात मोजलेला अणू

हा सोन्याचा वर्ख. श्वास लागला तरी चुरगळतो, म्हणून पंखा बंद ठेवून, घामाघूम होत हे चित्रण केलंय.

वर्खाकडे परत येऊच. आधी हा लाकडी चेंडू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डाल्टन यांनी कल्पिलेला अणू असाच होता, भरीव आणि न फुटणारा. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला आणि चेंडूच्या आतही काही असतं हे कळलं. त्यांचा १९०४चा अणू या ताटलीत आहे: धनप्रभाराचा शिरा, त्यात ऋणप्रभाराचे बेदाणे. इंग्रज याला पुडिंग म्हणतात.

आता दिवे घालवू.

मँचेस्टर, १९०९. पाठ्यपुस्तकात या प्रयोगावर तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख रदरफर्ड यांचं नाव असतं. स्टुलावर बसले होते हान्स गायगर आणि विशीतला अर्नेस्ट मार्सडेन, पदवीही न मिळालेला विद्यार्थी.

काचेच्या निमुळत्या नळीत रेडियमपासून निघालेला वायू, त्यातून सुटणारे अल्फा कण, म्हणजे धनप्रभाराचे वेगवान कण. समोर धातूचा पत्रा, कधी वर्खाचे थर. बाजूला झिंक सल्फाइडचा पडदा, कण आदळला की तिथे चमकणारा. नळीतून थेट पडद्यावर काही पोचू नये म्हणून मध्ये शिशाची आडभिंत. म्हणजे पडद्यावर ठिपका चमकला, तर तो कण धातूवरून उलटूनच आलेला.

तो ठिपका सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजायचा. त्याआधी अर्धा तास काळोखात बसून राहायचं, नजर सरावेपर्यंत. मिनिटाला नव्वदच्या वर ठिपके आले की मोजणी चुकते, पाचाच्या खाली गेले की मन भरकटतं. रदरफर्ड यांनी हे काम करून पाहिलं होतं. १९०८च्या एका पत्रात त्यांनी लिहिलंय, की आपण दोन मिनिटांत शिव्या घालत उठलो, गायगर मात्र रात्रभर शांतपणे मोजू शकतो.

शिऱ्याचा अणू खरा असता, तर कण आरपार जायला हवे होते. प्लॅटिनमच्या पत्र्यावरून आठ हजारांतला साधारण एक उलटा आला.

एवढ्या एकासाठी अणूच्या मध्यावर काहीतरी इवलंसं, जड आणि प्रभारित असायलाच हवं होतं. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी ते गणिताने मांडलं. गायगर-मार्सडेन पुन्हा स्टुलावर बसले आणि ते गणित पडताळायला त्यांनी एक लाखाहून जास्त ठिपके मोजले. तो लेख १९१३चा.

त्याच वर्षी बोर यांनी इलेक्ट्रॉनना दिलेल्या कक्षा आल्या, १९२६ मध्ये इलेक्ट्रॉनला लाट मानणारं श्रोडिंगर यांचं समीकरण, १९३२ मध्ये चॅडविक यांचा न्यूट्रॉन, अणूच्या मध्यातला प्रभार नसलेला कण, आणि १९४५ मध्ये हिरोशिमा.

पडद्यावर आता दिसणारे ठिपके आम्ही संगणकावर केलेत. रेडियम आम्हाला कोण देणार! पुढचं एक मिनिट निवेदन नाही. खोलीतला दिवा घालवा आणि मोजा.