जुन्या मिलचा शेअर

नमस्कार मंडळी. आजचा विषय शेअर बाजाराचा, पण सुरुवात मी आपल्या सोलापूरच्या जुन्या मिलपासून करणार आहे. डिसेंबर 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मिलच्या एका भागधारकाच्या बाजूने निकाल दिला. मालमत्तेच्या हक्काबद्दलच्या ज्या निकालांमुळे केंद्र सरकारला 1955 साली चौथी घटनादुरुस्ती करावी लागली, त्यांत हा एक होता. कायद्याच्या विद्यार्थ्याला हा खटला परीक्षेसाठी वाचावा लागतो. आपल्या गावात मात्र तो फारसा कुणाला माहीत नाही. भोंगा आठवतो, चिमणी आठवते, मिलचे भाग, म्हणजे शेअर, कुणाकडे होते आणि त्यांचं पुढे काय झालं, हे कुणी सांगत नाही. मी तीस वर्षं कॉमर्स शिकवलं, आणि मलाही हे कळायला निम्मी नोकरी जावी लागली.

घडलं ते असं. ऑगस्ट 1949 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, बंद पडली. हजारो कामगार घरी बसले. जानेवारी 1950 मध्ये सरकारने वटहुकूम काढला आणि मग त्याचा कायदा केला. देशभराच्या गिरण्यांसाठी नव्हे, या एकाच कंपनीसाठी. जुने संचालक गेले, सरकारने नेमलेले आले. भागधारकाचा भाग त्याच्याच नावावर राहिला. तो विकायची मुभा होती, नफा झाला तर लाभांशही मिळणार होता. तीन गोष्टी मात्र थांबल्या: संचालक निवडणं, सभेत मंजूर केलेला ठराव सरकारच्या संमतीशिवाय अमलात आणणं आणि कंपनी गुंडाळण्यासाठी कोर्टात जाणं.

पहिल्यांदा एक सामान्य भागधारक कोर्टात गेला. डिसेंबर 1950 मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तो हरला. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं की तुझा भाग तुझ्याकडेच आहे, मग मालमत्ता हिरावली कुठे? त्यानंतर सरकारी संचालकांनी अग्रहक्क भागधारकांकडे, म्हणजे ज्यांना लाभांश इतरांच्या आधी मिळतो त्यांच्याकडे, पैसे मागितले. हे 32,000 भाग प्रत्येकी 100 रुपयांचे, त्यांतले 50 भरलेले आणि 50 बाकी. ती बाकी आता भरा, असं सांगणं आलं. एकूण रक्कम होते 16 लाख रुपये. ज्या संचालकांना आपण निवडलं नाही, ज्यांना काढताही येत नाही, ते आपल्याकडे पैसे कसे मागतात, असं म्हणून एक भागधारक उभा राहिला. या वेळी न्यायालयाने मान्य केलं की नावापुरता भाग ठेवून कारभार पूर्ण काढून घेतला तर ते मालमत्ता काढून घेण्यासारखंच आहे, आणि त्याचा मोबदला दिलेला नाही.

माझे आजोबा याच मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. मिल सुरू राहणं आमच्या घराला हवंच होतं, त्यामुळे सरकारने हात घातला याला मी चूक म्हणणार नाही. पण तो भागधारकही खरं बोलत होता, हे मला आजही तितकंच पटतं. या दोन्ही गोष्टी मी वर्गात एकत्र सांगायचो तेव्हा मुलं विचारायची, सर, मग बरोबर कोण? मी सांगायचो, भाग म्हणजे काय ते आधी समजून घ्या. भाग म्हणजे भाव नव्हे. भाग म्हणजे मत देण्याचा, हिशेब मागण्याचा आणि नफ्यात वाटा घेण्याचा हक्क. भाव हे त्या हक्काचं आजचं मोल, तेही समोरच्या गिऱ्हाईकाने ठरवलेलं.

रोज संध्याकाळी टीव्हीवर जे चालतं त्यात ही गोष्ट हरवते. 3 जून 2024 ला मतदानोत्तर चाचण्यांवर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली, भाजपला 240 जागा मिळाल्या, स्वबळावर बहुमत हुकलं, आणि सेन्सेक्स जवळजवळ 4,390 अंकांनी पडून 72,079 वर बंद झाला. दुपारी माझ्या भाच्याचा फोन आला. त्याचं चाटी गल्लीत दुकान आहे. 'मामा, सगळं विकून टाकू का?' म्हणाला. मी विचारलं, ज्या कंपनीचे शेअर आहेत तिने काल काही केलं का? कारखाना जळाला का, कर्ज थकलं का? तो म्हणाला, नाही. तरी त्याने विकले. 7 जूनला सेन्सेक्स 76,693 वर होता. त्याला दोष द्यायला मी हे सांगत नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना समोर लाल आकडे धावत असतील तर डोकं शांत ठेवणं अवघडच असतं.

हे काही नवीन नाही. 17 मे 2004 ला निकालानंतर बाजार इतका कोसळला की व्यवहार थांबवावे लागले. 18 मे 2009 ला निकालानंतर तो इतका चढला की तेव्हाही व्यवहार थांबवावे लागले, एका दिवसात 2,100 अंक. राजकारणाचा बाजाराशी संबंध नाही असं मी म्हणत नाही. जुन्या मिलचीच गोष्ट सांगितली की. पण तिथे सरकारने भागधारकाचे हक्क बदलले होते. 4 जूनला फक्त भाव बदलला होता. बातमी वाचताना हा फरक करता आला पाहिजे.

आता सौद्यांकडे येतो. वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, 1882 चा जन्म. जहाज, विमान, मोटार, साखर, सगळीकडे हात घातलेला माणूस. नाशिक जिल्ह्यात रावळगावला त्यांनी उभ्या केलेल्या कंपनीच्या गोळ्या आपण सगळ्यांनी चघळल्या आहेत. पान पसंद आठवते ना? फेब्रुवारी 2024 मध्ये ती गोळ्यांची नावं रिलायन्सच्या कंपनीने 27 कोटींना घेतली. तेव्हा सगळीकडे 'आपलं रावळगाव गेलं' म्हणून हळहळ झाली. मलाही वाईट वाटलं. पण सौद्याच्या अटी वाचल्या तर गेलं काय होतं? गोळ्यांची नावं, ट्रेडमार्क, पाककृती. जमीन, इमारत, यंत्रं कंपनीकडेच राहिली. म्हणजे त्या दिवशी भागधारकाच्या हातात उरली एक वेगळी कंपनी: तिच्याकडे यंत्रं होती, आणि ज्या नावाखाली ती माल विकायची ते नाव नव्हतं. त्या 27 कोटींचं पुढे काय करणार, हा खरा प्रश्न होता. माझ्या ओळखीत एकानेही तो विचारला नाही.

एलआयसीचं तसंच. मे 2022 मध्ये सरकारने साडेतीन टक्के हिस्सा विकला. 949 चा भाव, पॉलिसीधारकाला 60 रुपये सूट. पूर्व भागातल्या कित्येक घरांनी एजंटवर भरवसा ठेवून अर्ज भरले. पहिल्याच दिवशी शेअर 867 ला उघडला, लोक चिडले. पण साडेशहाण्णव टक्के मतं एकाच मालकाकडे असलेल्या कंपनीत आपण पाहुणे म्हणून आलो आहोत, हे अर्ज भरतानाच कळायला हवं होतं.

आणि आता ज्याने मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. कॉलेजच्या कँटीनमध्ये मुलं मोबाइलवर ऑप्शन खेळतात. खेळतात हा शब्द त्यांचाच. कागदावर ऑप्शनलाही हक्कच म्हणतात, ठरल्या तारखेला ठरल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा, पण निफ्टी या निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये कुठल्याही कंपनीचा शेअर कधी हातात येत नाही. फरकाची रक्कम तेवढी इकडची तिकडे होते, आणि एक्स्पायरीला, म्हणजे मुदतीच्या दिवशी, तो हक्क संपतो. सभा नाही, मत नाही, लाभांश नाही. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांचा हिशेब काढला: फ्यूचर्स आणि ऑप्शनमध्ये वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. माझ्या एका विद्यार्थ्याने वडिलांच्या दोन लूमसाठी ठेवलेले पैसे यात घालवले. वडील आजही दुसऱ्याच्या कारखान्यात टॉवेल विणतात. तो मुलगा हुशार होता, ताळेबंद माझ्यापेक्षा भरभर वाचायचा. पण त्याच्या मोबाइलवर ताळेबंद दिसतच नव्हता, फक्त आकडा दिसत होता.

म्हणून पुढच्या रविवारी आपण इथेच बसू, याच वेळी. ज्यांच्याकडे कुठल्याही कंपनीचा एक जरी शेअर असेल त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस छापून आणावी. ती ईमेलवर आलेली असते, बहुतेकांनी उघडलेली नसते. सुरुवातीला हिशेब मंजूर करणं, लाभांश, निवृत्त होणाऱ्या संचालकाची फेरनेमणूक असे ठराव असतात, ते पटकन होतील. त्यानंतर विशेष कामकाज येतं: संचालकांचं वेतन, मालकांच्याच दुसऱ्या कंपनीशी व्यवहार. त्याखाली बारीक टाइपात स्पष्टीकरण असतं. ते मोठ्याने वाचू. मतदान मोबाइलवरून करता येतं, तेही तिथेच करून दाखवतो. ज्यांना चष्मा लागतो त्यांनी तो विसरू नये.