आठवतंय तसंच घडलं होतं?

मित्रहो, आधी एक काम करू. मी काही शब्द वाचतो. लिहून घेऊ नका, नुसते ऐका. अंथरूण, जांभई, उशी, रात्र, स्वप्न, पेंग, पांघरूण, घोरणं, थकवा, डुलकी, अंगाई, जाग. झाले. थोड्या वेळानं यावर एक प्रश्न विचारणार आहे.

स्मृतीवर बोलायचं म्हटलं की हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाचं नाव घ्यावंच लागतं. त्याला अपस्माराचे जबर झटके यायचे, औषधांनी फरक पडेना. १९५३ साली, त्याच्या वयाच्या २७व्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदानं त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले, पण हेन्रीची नवी आठवण तयार होणंच थांबलं. बुद्धी शाबूत होती, बोलणं-चालणं सभ्य होतं, लहानपणचं आठवत होतं. मात्र गप्पा मारून बाहेर गेलेला माणूस थोड्या वेळानं परत आला, की तो त्याला परका वाटायचा. २००८ साली वारेपर्यंत तो असाच जगला.

ब्रेंडा मिलनर या संशोधिकेनं त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेषेत काढलेली चांदणी, त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात झाकलेला आणि दिसतं ते फक्त आरशात. करून पाहा कधीतरी. कोपऱ्याशी आलं की हात भलतीकडेच पळतो. हेन्रीचाही पहिल्या दिवशी असाच गोंधळ उडाला. पण तिसऱ्या दिवशी त्याची पेन्सिल सफाईनं फिरू लागली, आणि हे काम आपण पूर्वी कधी केलंय याचा त्याला पत्ता नव्हता! हात शिकला होता, माणसाला माहीत नव्हतं. स्मृती ही एकच गोष्ट नाही, हे इतक्या स्वच्छपणे त्याआधी कुणाला दिसलं नव्हतं. सायकल चालवण्याची आठवण आणि सायकल पहिल्यांदा चालवली त्या दिवसाची आठवण मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळतो. मी आज बोलणार आहे ते दुसऱ्या प्रकाराबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे.

आता मघाचे शब्द. 'उशी' होता? हो. 'खुर्ची'? नाही, बरोबर. 'झोप' होता, असं वाटणाऱ्यांनी हात वर करा. बघा, किती हात आहेत. 'झोप' मी उच्चारलाच नव्हता. काही जणांना तर तो माझ्या आवाजात ऐकू आल्यासारखाही वाटत असेल. अशा याद्यांचे प्रयोग जेम्स डीज यांनी १९५९ साली केले आणि १९९५ साली रोडिगर व मॅकडरमॉट यांनी ते पुन्हा चर्चेत आणले. यात तुमचा मेंदू चुकला, असं मी म्हणणार नाही. त्यानं बारा सुटे शब्द साठवण्याऐवजी त्यांचा विषय पकडला. एरवी आयुष्यात हेच शहाणपणाचं असतं.

हा विषय पकडायला मेंदू कुठून शिकतो? अनुभवातून. बुद्धिबळातल्या निष्णात खेळाडूला खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवा, तो बहुतेक सोंगट्या जागच्या जागी मांडून दाखवतो. नवख्याला चार-पाच जमतात. पण त्याच सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवा, उस्तादाची आघाडी जवळजवळ संपते. त्याची स्मरणशक्ती जात्याच अफाट नसते. हजारो डावांतून ओळखीच्या झालेल्या मांडण्या त्याच्या डोक्यात असतात, आणि नवं दृश्य तो त्या मांडण्यांच्या आधारानं धरून ठेवतो.

अनुभव मेंदूचा आकारही बदलतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मग शंका आली, की मुळात असा मेंदू असलेलेच या धंद्यात येत असतील? म्हणून शिकाऊ उमेदवारांची आधी आणि काही वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. जे परीक्षा पास झाले त्यांच्यातच वाढ दिसली. याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. अनुभवी चालक काही नव्या दृश्य गोष्टी लक्षात ठेवण्यात इतरांपेक्षा कमी पडले. फुकट काही मिळत नाही.

आता जरा अडचणीच्या भागाकडे येतो. आठवण एकदा तयार झाली की पक्की झाली, असं आपण धरून चालतो. २००० साली करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. एक आवाज ऐकवून विजेचा सौम्य झटका दिला. उंदीर त्या आवाजाला घाबरायला शिकले. दुसऱ्या दिवशी तोच आवाज ऐकवला, म्हणजे आठवण जागी केली, आणि लगेच मेंदूच्या अमिग्डाला या भागात प्रथिनं तयार होण्याचं काम रोखणारं औषध सोडलं. पुढच्या चाचणीत उंदरांची भीती बरीचशी गेली होती. आठवण जागी न करता तेच औषध दिलं, तर भीती तशीच राहिली. म्हणजे जागी झालेली आठवण काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं. त्या कच्च्या अवस्थेत तिच्यात काहीही मिसळू शकतं. माणसाच्या बाबतीत हे नेमकं केव्हा आणि कितपत लागू पडतं, यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत, आणि ते व्हायलाच हवेत.

पण मिसळ होते, हे नक्की. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या धडकेची फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं, 'गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता?' काहींना तोच प्रश्न साध्या, सौम्य क्रियापदानं विचारला. 'आदळल्या' ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्यानंतर 'फुटलेल्या काचा दिसल्या का?' असं विचारलं, तर 'आदळल्या' गटातल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले आणि सौम्य क्रियापदाच्या गटातले ७. फिल्ममध्ये काचा फुटलेल्याच नव्हत्या. प्रश्न आठवणीत जाऊन बसला होता.

तुम्ही म्हणाल, परक्याच्या मोटारीचं सोडा, ज्या गोष्टीनं काळजात धस्स झालं ती कशी विसरेन? २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान आकाशात फुटलं. दुसऱ्याच दिवशी अल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कुठे, कशी, कुणाकडून कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या काहींना तेच पुन्हा विचारलं. सुमारे चौथाई जणांच्या दोन हकिकतींत काहीच जुळेना. वर्गात बातमी ऐकलेला आता टीव्हीवर पाहिल्याचं सांगत होता, तेही ठामपणे. त्यांचीच जुनी पानं समोर ठेवली तरी मूळ आठवण परतली नाही. अक्षर आपलं आहे हे त्यांना मान्य होतं, मजकूर पटत नव्हता.

मग काहीच खरं मानायचं नाही का, असा प्रश्न हमखास येतो. इतकं टोकाला जायचं कारण नाही. गोष्टीचा गाभा बहुधा टिकतो, तपशील सरकतात. पंचाईत अशी, की सरकलेला तपशीलही तितकाच लख्ख दिसतो आणि आतून तो ओळखायची सोय नाही. घरातल्या जुन्या किश्श्यांत याचं काही बिघडत नाही. न्यायालयात मात्र माणसाचं आयुष्य पणाला लागलेलं असतं. अमेरिकेत डीएनए तपासणीनंतर निर्दोष ठरलेल्या कैद्यांच्या निम्म्याहून अधिक खटल्यांत प्रत्यक्षदर्शीनं चुकीचा माणूस ओळखला होता. हे साक्षीदार बहुतेक प्रामाणिक होते. म्हणून आता अभ्यासक सांगतात, की ओळख परेड घेणाऱ्यालाच संशयित कोण हे ठाऊक नसावं, आणि साक्षीदारानं बोट दाखवताक्षणी, कुणी 'बरोबर' म्हणण्याच्या आत, 'तुम्हाला किती खात्री वाटते?' याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. खटला उभा राहीपर्यंत ती खात्री वाढलेली असते, आणि त्या वाढीचा त्यानं पाहिलेल्या चेहऱ्याशी काहीही संबंध नसतो.