गादी भरली, पण कशाने?

सकाळी पर्वती उतरणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य ठरलेलं, "अहो, माझी गुडघ्याची गादी झिजलीय." ही गादी म्हणजे कार्टिलेज, हाडाच्या टोकावरचा काही मिलिमीटरचा गुळगुळीत थर, त्यात ना रक्तवाहिन्या ना मज्जातंतू, त्यामुळे एकदा खराब झाली की आपोआप धड भरत नाही, विल्यम हंटर या स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञाने हे १७४३ मध्येच लिहून ठेवलंय.

मग सर्जन खालच्या हाडाला बारीक भोकं पाडतात, मॅरोतलं, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातलं, रक्त वर येतं, गुठळी होते, खड्डा भरतो. वरून बघाल तर पांढरं, झकास. पण भरलंय ते खरं कार्टिलेज की नुसता व्रणासारखा चिवट तंतूंचा भराव, हे डोळ्यांना कळत नाही.

म्हणून आपण आलोय पुण्यातल्या एका लॅबमध्ये. टेबलावर असा उपचार करून पाहिलेल्या सशाच्या गुडघ्याचा तुकडा, फॉर्मॅलिनमधून, म्हणजे तो कुजू न देणाऱ्या द्रावणातून, काढलेला. हाड आहे म्हणजे आधी कॅल्शियम काढायचं, ईडीटीए या कॅल्शियम हळूहळू ओढून घेणाऱ्या रसायनात ठेवलं तर कित्येक आठवडे जातात आणि तिथेच लोकांचा धीर सुटतो. मग मेणाचा ठोकळा, मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावर पाच मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे पातळ काप, कोमट पाण्यावर तरंगवून स्लाइडवर घ्यायचे, त्यातही कार्टिलेजचा काप सुटून पळायला टपलेलाच असतो, म्हणून कोटिंगवाल्या स्लाइड्स.

आता रंग. आधी फास्ट ग्रीन, मग सॅफ्रानिन-ओ. सॅफ्रानिनवर धन भार, कार्टिलेजमध्ये पाणी धरून ठेवणाऱ्या प्रोटिओग्लायकन या रेणूंवर ऋण, दोघं चिकटतात आणि चांगलं कार्टिलेज लालभडक दिसतं. हाड हिरवं, तंतूंचा भरावही हिरवटच. टोल्युडिन ब्लूची तर गंमतच, रंग निळा पण कार्टिलेजमध्ये जांभळा होतो.

पण फिकं दिसलं की लगेच उपचाराला नावं ठेवू नका हं. घाईत कडक ॲसिड वापरलं असेल तर प्रोटिओग्लायकनच धुऊन जातं, मग धडधाकट कार्टिलेजही फिकट. त्यामुळे आधी त्याच कापातली न दुखावलेली कडा बघायची, ती लाल असेल तरच पुढचं बोलायचं.

आणि लाल आलं तरी काम संपत नाही. तंतूंचं प्रथिन म्हणजे कोलॅजेन, ते खऱ्या कार्टिलेजमधलं टाइप टू आहे की व्रणासारख्या भरावातलं टाइप वन, हे नेमक्या त्याच प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी लावून तपासायचं, तंतूंची मांडणी पिक्रोसिरियस रेड हा कोलॅजेनचा रंग लावून पोलराइज्ड प्रकाशात (एकाच दिशेने कंप पावणाऱ्या) बघायची, मग भराव किती चांगला त्याचे मार्क द्यायचे. मार्क देणाऱ्याला स्लाइड उपचार केलेल्या गटातली की न केलेल्या, ते मात्र सांगायचं नाही, नुसता नंबर चिकटवायचा, कारण आपल्याच उपचाराला मार्क देताना हात सैल सुटतोच.